साखरघोळचं अखंड लिंबू

त्या दसऱ्याला आभाळ अगदी खाली उतरलं होतं, असं सांगतात. नवरात्र सरलं तरी पाऊस निघायचं नाव घेत नव्हता. सकाळी एक जोराची सर येऊन गेली, दुपारी उघडलं, आणि मग वारा असा पडला की देवळाच्या तोरणाचं पानसुद्धा हलेना. खाचरांतून वाफ निघत होती, अंगावरची कुडती पाठीला चिकटत होती, आणि गावातली लिंबाची झाडं पाण्यानं भरून आली होती. साल अशी पातळ की बोट दाबलं तर आत जावं. लिंबाची ही गोष्ट तेवढी ध्यानात असू द्या, मंडळी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं.

तुम्ही बसलात तो हा देवीपुढचा दगडी चौथरा. दर दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी आपल्या साखरघोळ गावची तालीम इथं पट्टा खेळते. पट्टा म्हणजे दांडपट्टा. उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं लांब, लवतं पातं, आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. एकदा हात आत घातला की मनगट वळत नाही, सगळं काम खांद्याचं आणि कमरेचं. दुसऱ्या गावांत पट्टेकरी कुणाच्या तरी तळहातावर लिंबू ठेवतो आणि एका वारात त्याच्या दोन फाका करतो. लोक ओरडतात, फेटे उडवतात. आपल्या गावात तसं नाही. इथं लिंबू पट्टेकऱ्याच्या स्वतःच्या डाव्या तळहातावर असतं. वार तेवढ्याच जोराचा येतो, पण पातं लिंबावर येऊन थांबतं. सालीवर रेघ उमटते, वास सुटतो, रस मात्र येत नाही. नवे पाहुणे फसतात. त्यांना वाटतं, गडी चुकला.

ही रीत कशी पडली, त्याची ही हकिगत.

फार मागं या गावात हैबती नावाचा गडी होता. बांधा तुळईसारखा, आवाज मोठा, आणि मन त्याहून मोकळं. लखमोजी वस्तादाच्या हाताखाली तो मिसरूड फुटायच्या आधीपासून खेळला. पट्टा त्याच्या हातात आला की पातं दिसायचंच नाही, नुसता आवाज यायचा, असं म्हणतात. लिंबू कापावं तर हैबतीनं, अशी पंचक्रोशीत बोलवा होती. त्यालाही ती ऐकून माहीत होती, आणि आवडत होती.

त्याच्या घराला लागून सटवा कुंभाराचं घर. दोन्ही घरांत एकच कुडाची भिंत. इकडं खोकलं तर तिकडं ऐकू जायचं. सटवा वयानं मोठा, म्हणून हैबती त्याला तात्या म्हणायचा आणि त्याच्या बायकोला, बयाबाईला, काकी. सटवा बोलायला कमी. दिवसभर चाक फिरवायचा, त्यामुळं त्याच्या हाताला कंप म्हणून माहीत नव्हता. म्हणून लिंबू धरायचा मान बरीच वर्षं त्याच्याकडं होता. तो दर दसऱ्याला उजवा हात पुढं करायचा. वस्ताद एकदा म्हणाला होता, "सटव्या, डावा धर की, उजव्यावर तुझं पोट हाय." तर सटवा म्हणाला, "देवीपुढं डावा हात कसा करू?"

त्या दमट दसऱ्याला लिंबू आलं ते देवीच्या ओटीतलं, पिवळंधम्मक. हैबतीनं सगळा पावसाळा सराव केला होता तो वस्तादाच्या परसातल्या हिरव्या, कडक लिंबांवर. जुन्या खेळाडूंचा एक नेम होता. वार करण्याआधी लिंबू अंगठ्यानं चेपून बघायचं, म्हणजे साल किती जोर खाईल याचा अंदाज येतो. हैबतीलाही तो नेम शिकवलेला होता. पण हलगी टिपेला गेली होती, माणसं चौथऱ्याच्या कडेपर्यंत रेटत आली होती, आणि कुणीतरी ओरडलं, "हैबत्या, आज डोळं झाकून होऊ दे!"

त्यानं डोळे झाकले नाहीत. पण लिंबूही चेपलं नाही.

वार आला. लिंबाच्या दोन फाका झाल्या, लोकांनी आरोळी ठोकली, आणि सटवा तसाच हात पुढं करून उभा राहिला. त्याच्या तळहातावरून रसाबरोबर रक्त वाहत होतं. अंगठ्याच्या बुडाची शीर तुटली होती.

वैदूनं पाला बांधला, जखम भरली, पण अंगठा लुळा पडला तो पडलाच. आता कुंभाराचा अंगठा म्हणजे काय, ते ज्यानं चाकावर मडकं उठताना पाहिलंय त्यालाच कळेल. मातीच्या गोळ्यात पहिला शिरतो तो अंगठा. तो नसेल तर गोळा गोळाच राहतो.

पाटलानं चार माणसं बसवून निवाडा दिला. हैबतीला शिक्षा काही केली नाही, कारण खुद्द सटवाच म्हणाला की हात मी आपणहून पुढं केला होता. पण पाटील म्हणाला, "पट्टा आजपासून देवळात टांगा. गावात पुन्हा लिंबू ठेवायचं न्हाई. ठेवणार तरी कोण आता?" तालमीच्या दाराला कडी लागली. वस्ताद ओसरीवर बसून राहू लागला. आणि ज्या पोरांना पहाटे उठून जोर मारायची सवय लागली होती, ती सकाळची पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टवाळी करू लागली.

हैबती पाया पडायला सटवाच्या घरी गेला. बयाबाई दारातच उभी राहिली.

"काय रं, आता कशाला आलास? दुसरा हात ऱ्हायलाय, तो बघायला?"

तो खाली वाकला. बाहेरूनच उंबऱ्याला हात लावून परत फिरला. म्हणतात की त्या दिवशी तो तसाच देवळात गेला आणि देवीपुढं एक बोली बोलला, मोठ्यानं, चार माणसांना ऐकू जाईल अशी. "पिकल्या लिंबावर पातं थांबवीन तेव्हाच हा उजवा हात तोंडाला लावीन. तोवर ह्या हातानं जेवणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला तो कुंभाराच्या अंगणात हजर. न विचारता धोतर खोचलं आणि मातीच्या खड्ड्यात उतरून माती तुडवायला लागला. सटवा भिंतीला टेकून बघत होता. बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाला, "रेडा डबक्यात लोळल्यागत चाललंय."

"मग कसं करू, तात्या?"

"टाच दाब. खडा लागला की थांब, काढ, फेक. घाई हाय व्हय कुठं जायची?"

आतून बयाबाईचा आवाज आला, "त्याला म्हणावं, खड्डा झाकून जा!" एवढंच. पण हाकलून दिलं नाही.

असा तो रोज येऊ लागला. माती तुडवली, चाळली, लाकडं फोडली, भट्टी लावली. मग सटवानं त्याला चाकापुढं बसवलं. सटवा शेजारी बसायचा आणि तोंडानं सांगायचा, हैबतीच्या अंगठ्यानं मडकं उठायचं. पहिली मडकी काय उठली ती देवालाच ठाऊक. बाजारात एका बाईनं विचारलं म्हणे, "कुंभारदादा, हे मडकं हाय का मडक्यावर कुणी बसलं होतं?" बयाबाई तिथंच होती. अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा, असं सांगतात.

आता मडक्याचं असं आहे. चाकावरून उतरलेलं मडकं जाड आणि बुटकं असतं. ते थोडं सुकलं की आतून एका हातानं दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत पोट फुगवायचं. हैबतीनं थापी हातात घेतली आणि पहिल्याच ठोक्याला मडकं आरपार. दुसरं घेतलं, तेही. ओळीनं फोडत गेला. अंगण खापरांनी भरलं. शेवटी सटवानं थापी त्याच्या हातून काढून घेतली.

"तू मडक्याला मारतूस."

"मग कुणाला मारू?"

"कुणालाच न्हाई. मडक्यापातूर जायाचं आन् तिथं ऱ्हायाचं. पुढं गेलास तर फुटंल, अलीकडं थांबलास तर फुगायचं न्हाई." सटवानं डाव्या हातानं, तिरकं का होईना, पण दाखवलं. थाप पडली, आवाज आला, मडक्याचं पोट कणभर सरकलं. थापी मातीला चिकटून उभी. "जोर कमी न्हाई करायचा, बाबा. जोर तेवढाच. फक्त कुठवर, ते हाताला ठाऊक पायजे."

हैबती तिथंच बसून राहिला. त्याला काय वाटलं असेल ते तोच जाणे, पण जुनी माणसं सांगतात ते असं. इतकी वर्षं हजारो लिंबं कापली, पातं तळहातावर येऊन थांबत आलं, आणि त्याला वाटत होतं की आपण थांबवतो. ते थांबणं कडक सालीचं होतं. सालीनं जोर खाल्ला म्हणून पातं थांबत होतं. साल पातळ निघाली आणि थांबणं हैबतीच्या हातात नव्हतं, हे उघडं पडलं.

तो उठला आणि वस्तादाकडं गेला. लखमोजी वस्ताद तेव्हा थकला होता, कानानं कमी ऐकायचा. हैबतीनं सगळं सांगितलं. वस्तादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तुला कापायला शिकवलं. लोकांना तेवढंच बघायचं असतं. थांबायला मला बी कधी आलं न्हाई रं, मी नुसता चेपून बघत होतो." मग पाटलाच्या पाया पडून, सरावापुरता म्हणून, हैबतीनं देवळातला पट्टा खाली उतरवून घेतला.

तिथून पुढं हैबतीची जी साधना सुरू झाली, ती ऐकायला आजही पोरं सरसावून बसतात. सकाळी कुंभाराचं काम. उन्हं कलली की तालमीमागच्या माळावर पट्टा. आधी जोर-बैठका, मग पवित्रे, आणि मग कच्ची मडकी. ओल्या मडक्यावर पूर्ण जोराचा वार घ्यायचा आणि पातं मातीवर थांबवायचं. रेघ उमटली पाहिजे, मडकं फुटता कामा नये. फुटलं तर ती माती भिजवायची, तुडवायची, पुन्हा त्याच मातीचं मडकं करायचं आणि पुन्हा वार घ्यायचा. आपण फोडलेलं आपणच घडवायचं, हा त्याचा स्वतःचाच नेम. खांदा सुजायचा. पाठ अशी धरायची की सकाळी चाकापुढं बसताना तो कण्हायचा, आणि सटवा म्हणायचा, "म्हातारा मी का तू?"

आणि जेवण डाव्या हातानं. आपल्याकडं डाव्या हातानं जेवणाऱ्याकडं लोक कसं बघतात, सांगायला नको. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्या पानापाशी येऊन मुद्दाम थांबायचा. "पैलवान, उजवा गहाण टाकला व्हय?" पंगत हसायची. हैबतीही हसायचा आणि भात कालवायचा. पण एक गोष्ट हळूहळू लोकांच्या ध्यानात आली. सटवाचा अंगठा गेल्यापासून त्यालाही डाव्या हातानंच जेवावं लागत होतं, आणि त्या लाजेनं त्यानं पंगतीला यायचं सोडलं होतं. आता हैबती त्याला हाताला धरून आणायचा आणि शेजारी बसवायचा. दोघं डावे शेजारी शेजारी. दोघांना कोण किती हसणार?

पारावरची पोरं आधी माळाच्या कडेला उभी राहून खिदळायची. एका दसऱ्यानंतर त्यांतली काही माळावर उतरली. हैबतीनं त्यांच्या हातात पट्टा दिला नाही, थापी दिली. त्यांतल्या एकाचा, पिराजी नावाच्या भांडखोर गड्याचा हात येता-जाता उठायचा. त्यानं इतकी मडकी फोडली की त्याला वर्षभर माती तुडवावी लागली. पुढं बांधावरून त्याच्या भावकीत कुऱ्हाडी निघाल्या, तेव्हा याचा उगारलेला हात वरच्या वर थांबला, आणि ते बघून समोरच्यांचेही थांबले, असं म्हणतात. पिराजीच्या आईनं तालमीला नारळ वाढवला तो त्या दिवशी.

वर्षं गेली. कच्ची मडकी फुटायची थांबली. मग हैबतीनं दगडावर लिंबू ठेवलं. कडक, मग निमपिकं, मग पिकलं. मग ते दगडावरून उचलून आपल्या डाव्या तळहातावर घेतलं. त्याचा डावा हात जखमांनी भरून गेला होता, पण एकाही माणसाला त्यानं हात पुढं करायला सांगितलं नाही. कुणी आपणहून म्हणालं तर म्हणायचा, "ज्याचा वार, त्याचाच हात."

मग एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो पाटलापुढं उभा राहिला. "उद्या लिंबू ठेवतो. चुकलो तर हात माझा, आन् पट्टा नदीच्या डोहात. साधला तर तालीम उघडा."

पाटलानं लखमोजीकडं बघितलं, लखमोजीनं सटवाकडं, आणि सटवानं नुसती मान डोलावली.

दसऱ्याला सारं गाव चौथऱ्याभोवती जमलं. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच हलगी तिथं वाजणार होती, पण हैबती म्हणाला, "हलगी नको." लिंबू कुणी आणायचं यावर कुजबुज सुरू झाली. सोपं लिंबू आणलं तर लोक म्हणणार फसवलं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बयाबाई पुढं आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि लिंबू काढलं. झाडावर पिकून गळलेलं, साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आख्ख्या गावातलं सगळ्यात हळवं लिंबू तिनं निवडून आणलं होतं. ती चौथऱ्यावर चढली आणि लिंबू हैबतीच्या पुढ्यात धरलं.

"घे. आन् ह्या येळंला चेपून बघ."

हैबतीनं ते अंगठ्यानं अलगद चेपून बघितलं. कपाळाला लावलं. डावा हात लांब पसरला, तळहातावर लिंबू ठेवलं, आणि उजवा हात खोबळ्यात घातला. त्याच्या मनात तेव्हा पातं नव्हतं, लोक नव्हते. ओल्या मडक्याची कूस होती, असं तो पुढं पोरांना सांगायचा.

वार आला तो पूर्वीच्याच जोरानं. पात्याचा तोच आवाज. पुढं बसलेल्यांनी डोळे मिटले.

आणि काहीच झालं नाही.

पातं लिंबावर टेकून उभं होतं. फाका पडल्या नाहीत, रक्त आलं नाही. लोकांना कळेना. मागून एकजण ओरडला, "कापलंच न्हाई की रं! वाया गेलं!" दुसरा म्हणाला, "भ्याला!" लखमोजी वस्ताद काठी टेकत चौथऱ्यावर चढला. त्यानं पातं बाजूला सारलं, लिंबू उचललं आणि डोळ्यांपाशी नेऊन फिरवत राहिला. सालीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत केसासारखी एक रेघ होती. रसाचा थेंब नव्हता. त्यानं लिंबू पुढच्या माणसाच्या हातात दिलं, त्यानं बघून शेजाऱ्याला. तसं ते लिंबू सगळ्या गावाच्या हातांतून फिरलं, आणि ज्याच्या हातात गेलं तो गप्प झाला. बोटांना वास लागत होता, ओल लागत नव्हती. ओरडणाऱ्यांच्या हातात गेलं तेव्हा त्यांनीही ते दोन्ही हातांनी धरलं.

पाटलानं स्वतः जाऊन तालमीची कडी काढली.

आजही साखरघोळला दसऱ्याचं लिंबू कापत नाहीत. पट्टेकरी ते आपल्याच तळहातावर घेतो, बायकांपैकी कुणी जाणती ते निवडून आणते, हलगी त्या घटकेला बंद असते, आणि वार झाला की लिंबू हातोहात सगळ्या गावातून फिरतं. आजही तालमीत नव्या पोराला पहिला हंगाम पट्टा मिळत नाही. कुंभारवाड्यात जाऊन आधी थापी धरावी लागते, आणि फोडलेलं मडकं स्वतः पुन्हा घडवावं लागतं. दसऱ्याच्या गावजेवणात पहिला घास सारे जण डाव्या हातानं घेतात. परगावचे पाहुणे बिचकतात, मग तेही घेतात. या चौथऱ्यावरून उभी राहिलेली पोरं पुढं फौजेत गेली, कुणी शेतात राबली, कुणी गवंडी झाली. त्यांच्यात भांडणं होत नाहीत असं नाही. पण हात उठला की तो कुठवर न्यायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

आता हैबतीचं शेवटचं राहिलं. लोक सोनं लुटायला शिवेकडं निघाले तेव्हा तो चौथऱ्यावर एकटाच बसला होता. खोबळा निघता निघत नव्हता. बोली पुरी झाली होती, उजवा हात तिच्यातून मोकळा झाला होता, आणि आता काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. सटवा पुढं आला. त्यानं डाव्या हातानं खोबळ्याचा बंद सोडला, खोबळा ओढून काढला आणि बाजूला ठेवला. हैबतीनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला वाटलं होतं, तात्या आज तरी म्हणतील की झालं गेलं विसर. सटवानं त्याला खांद्याला धरून उठवलं, त्याच्या हाताकडं एकदा नीट बघितलं, आणि म्हणाला, "चांगलं झालं. आता उद्या जरा लौकर ये, हैबती. दिवाळी आली, आन् पणत्या सगळ्या ऱ्हायल्यात."